कराराचा कागद कोरा ठेवला, तरी तो कोरा राहत नाही

मार्च २०२४ मध्ये छोट्या उद्योजकांच्या तोंडी एकच आकडा होता: ४५ दिवस. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल कायद्याच्या मुदतीत चुकवलं नाही, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. पैसे प्रत्यक्ष दिले, त्या वर्षीच तो धरता येतो. प्राप्तिकर कायद्यातला हा बदल २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झाला आणि थकलेल्या बिलांची आठवण खरेदीदारांनाच होऊ लागली.

पण या गाजावाजात नियमाचं अर्धं वाक्य गळून पडलं. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात मुदती दोन आहेत. लेखी करार असेल तर करारात ठरलेली मुदत, फार तर ४५ दिवस. लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवस. म्हणजे किती दिवस, हे ठरवण्याआधी कायदा एक प्रश्न विचारतो: तुमच्यात काही लिहिलेलं आहे का? महाराष्ट्रातल्या बहुतेक छोट्या वर्कशॉपचं, केटररचं, फर्निचरवाल्याचं उत्तर ‘नाही’ असं असतं. त्या ‘नाही’ची किंमत किती आणि ती कुठे कुठे मोजावी लागते, ते इथे पाहू.

तोंडी शब्द कायदा मानतो. मग अडतं कुठे?

करार म्हणजे कायद्याने पाळायला लावता येईल असा शब्द. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि करार लेखीच हवा, अशी सरसकट अट त्यात नाही. दोघे सज्ञान आणि शुद्धीत असले, दोघांची संमती खुली असली, व्यवहार कायदेशीर असला आणि देण्याच्या बदल्यात काही घेणं असलं, की फोनवर ठरलेला सौदाही करारच असतो. त्यामुळे ‘लेखी नाही म्हणजे काहीच नाही’ ही समजूत चुकीची आहे. तोंडी व्यवहारावरही दावा लावता येतो.

अडतं ते आठवणीत. लग्नाच्या जेवणाचं उदाहरण घ्या. पाचशे पानं, पानाला अमुक दर, असं ठरलं. लग्नात सहाशे माणसं जेवली, असं केटरर म्हणतो. यजमानांच्या मते चारशेसुद्धा आली नव्हती. पानं कोण मोजणार होतं, उचललेल्या ताटांवरून की माणसांवरून, पाचशेपेक्षा कमी झाली तर पैसे पाचशेचेच का, वाढपी आणि पाण्याच्या बाटल्या दरात धरल्या होत्या का, यातलं काहीच बोलणं झालेलं नव्हतं. दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नसेल. प्रत्येकाने न बोललेल्या जागा आपापल्या मनाने भरल्या आहेत, एवढंच. भांडणाची मुळं बहुधा अशा जागांत असतात; ठरलेला दर क्वचितच कुणी नाकारतो.

रिकाम्या जागा कायदा भरतो

धंद्यातल्या माणसांना सहसा कुणी न सांगितलेली गोष्ट ही, की तुम्ही जी अट ठरवली नाही ती जागा रिकामी राहत नाही. तिथे कायद्याची तयार अट येऊन बसते. ती तुमचा धंदा पाहून बनवलेली नसते.

दोन मित्रांनी गॅरेज काढलं. एकाने आठ लाख घातले, दुसऱ्याने दोन लाख आणि दिवसाचे बारा तास. नफ्याची वाटणी लिहिली नाही. १९३२ चा भागीदारी कायदा म्हणतो: वेगळं ठरलेलं नसेल तर नफा-तोटा निम्मा निम्मा, आणि धंद्यात राबल्याबद्दल कुणालाही पगार नाही. म्हणजे जास्त पैसे घालणारा आणि जास्त राबणारा, दोघेही नाराज. शिवाय भागीदारी नोंदवलेली नसेल तर त्या फर्मला आपलं येणं वसूल करायला गिऱ्हाइकावर दावाच लावता येत नाही. गिऱ्हाईक मात्र फर्मवर लावू शकतं.

दुकानाचा गाळा भाड्याने दिला आणि करार नोंदवला नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मधलं कलम ५५ लागतं. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदवलेला लेखी करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही तोवर. आळस केला मालकाने आणि फायदा मिळाला समोरच्याला, इतकं हे स्पष्ट आहे.

बाहेरच्या डिझायनरकडून दुकानाचं बोधचिन्ह करून घेतलं, पैसे चुकते केले, पावतीही आहे. तरी त्यावरचा कॉपीराइट साधारणपणे डिझायनरकडेच राहतो, कारण १९५७ च्या कायद्यानुसार कॉपीराइट दुसऱ्याच्या नावे करायचा तर ते लेखी आणि सही केलेलं लागतं. लिहून घेतलं पण किती काळासाठी ते लिहायचं राहिलं, तर ते पाच वर्षांसाठीच समजतात. कुठल्या प्रदेशासाठी ते राहिलं, तर फक्त भारतापुरतं. दहा वर्षांनी मसाल्याचा ब्रँड दुबईला पाठवायचा झाला की ही एक ओळ आठवते.

मालाच्या बाबतीतही तेच. कोल्हापूरहून गूळ ट्रकने इंदूरला पाठवला आणि वाटेत भिजला. जोखमीबद्दल काही ठरलेलं नसेल तर मालविक्री कायद्याचा सर्वसाधारण नियम असा, की ज्याची मालकी त्याची जोखीम. आणि खरेदीदाराकडे पोचवायला माल वाहतूकदाराच्या हवाली करणं म्हणजे सकृद्दर्शनी खरेदीदारालाच देणं. खरेदीदाराची समजूत मात्र ‘माझ्या दारात उतरेपर्यंत तुझा माल’ अशी असते. ‘पोच इंदूर, वाटेतली जोखीम विक्रेत्याची’ किंवा ‘खरेदीदाराची’, एवढे चार शब्द लिहिले असते तर प्रश्न तिथेच संपला असता.

एका जॉबवर्कचा कागद कसा दिसावा

समजा भोसरी एमआयडीसीत एक छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी धातूकामाची यंत्रं. कंपनी कच्चं मटेरियल देते, वर्कशॉप मशिनिंग करून भाग परत देतं. इथे दर नगामागे ठरलेला असतो आणि सगळ्यांना वाटतं, करार झाला. पैसे प्रत्यक्षात अडकतात ते दुसऱ्याच ठिकाणी.

पहिलं, कामाचं वर्णन. नुसतं ‘शाफ्ट मशिनिंग’ लिहून भागत नाही. ड्रॉइंगचा क्रमांक आणि त्याची रिव्हिजन लिहायची. कंपनीचा डिझाइन विभाग रिव्हिजन बदलतो, खरेदी विभाग जुनाच कागद पाठवतो, आणि जुन्या मापाचे हजार नग रिजेक्ट होतात. रिव्हिजन लिहिलेली असेल तर तो खर्च कुणाचा, हे वादाशिवाय कळतं.

दुसरं, रिजेक्शन. मटेरियल रिजेक्शन आणि मशिनिंग रिजेक्शन वेगळं लिहा. कास्टिंगमध्ये आतून पोकळी निघाली तर तो दोष मटेरियलचा; तोवर झालेल्या मशिनिंगचे पैसे मिळायला हवेत. माप चुकलं तर दोष वर्कशॉपचा. मग मटेरियलची किंमत कापायची का, कापायची तर स्क्रॅपची किंमत वजा करून का, किती टक्के रिजेक्शन दोघांनाही मान्य, हे आकड्यात असू द्या. तपासणी कुठल्या गेजने आणि कुणाच्या जागेवर, हेही लिहा. दोन गेजमध्ये दोन शतांश मिलिमीटरचा फरक असला तरी अख्खा लॉट परत येऊ शकतो.

तिसरी जागा सर्वांत महाग पडते. ‘पेमेंट ४५ दिवस’, पण कधीपासून? बिलाच्या तारखेपासून, डिलिव्हरी चलनाच्या, की कंपनीने जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची आपली नोंद, केल्यापासून? माल गेटवर सोमवारी पोचतो, जीआरएन तीन आठवड्यांनी होते आणि ४५ चे ६६ दिवस होतात. कायद्याची भाषा इथे तुमच्या बाजूची आहे: माल प्रत्यक्ष दिला तो दिवस स्वीकाराचा. खरेदीदाराने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली तरच स्वीकाराची तारीख पुढे जाते, तुम्ही ती हरकत दूर कराल त्या दिवसापर्यंत. तोंडी ‘क्वालिटीचा इश्यू आहे’ ही लेखी हरकत नव्हे. म्हणून चलनाच्या दुसऱ्या प्रतीवर गेटचा शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय टेम्पो परत आणू नका.

हे सगळं दोन पानांत बसतं. शब्द असे चालतील: ‘ड्रॉइंग क्र. अमुक, रिव्हिजन अमुक यांप्रमाणे ५,००० नग, दर नगास अमुक रुपये, जीएसटी वेगळा. माल चलनाने मिळाल्यापासून ७ दिवसांत खरेदीदाराने तपासणी करून हरकत असल्यास ईमेलने कळवावी. न कळवल्यास माल स्वीकारला असे समजावे. रक्कम चलनाच्या तारखेपासून ३० दिवसांत बँक खात्यात जमा करावी. लेखी कारण दिल्याशिवाय डेबिट नोट काढू नये, म्हणजेच बिलातून रक्कम कापू नये. कामात बदल हवा असल्यास नवा दर व नवी तारीख दोघांनी लेखी मान्य केल्यावरच बदल लागू होईल.’ भाषा मराठीच ठेवा. मराठी करार इंग्रजी करारापेक्षा तसूभरही कमी नाही, आणि ज्याला सही करायची आहे त्याला तो वाचता येतो.

उशिरासाठी दंड लिहिणार असाल तर बेताने लिहा. ‘दर दिवशी दहा हजार’ लिहिलं म्हणून तेवढे मिळत नाहीत. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा. तिच्या आत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई न्यायालय देतं. आठवड्याला अर्धा टक्का, एकूण पाच टक्क्यांपर्यंत, असा आकडा दोन्ही बाजूंना झेपतो.

‘बिल आहे, पीओ आहे. आणखी कागद कशाला?’

जीएसटीचं बिल काम झाल्यावर निघतं. त्याच्या तळाशी छापलेलं ‘उशीर झाल्यास २४ टक्के व्याज’ हे तुमचं एकतर्फी म्हणणं आहे. समोरच्याने ते आधी मान्य केलं होतं का, यावर वाद होतो. तीच ओळ काम सुरू होण्यापूर्वीच्या कोटेशनवर असेल आणि त्याखाली गिऱ्हाइकाची ‘मान्य’ अशी सही असेल, तर तिचं वजन वेगळं.

मोठ्या कंपनीच्या पीओचं, म्हणजे खरेदी आदेशाचं, उलट असतं. पुढच्या पानावर दर, आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात किंवा कुठल्याशा दुव्यावर पंचवीस अटी. त्या न वाचता माल पाठवला, तर वागण्यातून तुम्ही त्या स्वीकारल्या असा अर्थ निघू शकतो. सगळ्या बदलून मिळणार नाहीत, हे खरंच आहे. निदान तीन पाहा: पैसे किती दिवसांनी आणि कुठल्या तारखेपासून, नुकसानभरपाईला वरची मर्यादा आहे का, आणि वाद कुठल्या शहरात. न पटलेल्या अटीवर माल पाठवण्याआधी एक ईमेल टाका. आणि ९० दिवसांची मुदत छापलेली पाहून घाबरू नका. तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उत्पादक वा सेवा पुरवठादार असाल, तर ४५ दिवसांपलीकडची अट लिहूनही टिकत नाही. त्यापुढे रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीने. बँक दर ६ टक्के असेल तर १८ टक्के.

त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु वा मध्यम उद्योग म्हणून सरकारकडची नोंद, व्यवहाराच्या आधी केलेली असावी. नंतर केलेल्या नोंदणीचा आधीच्या बिलांना उपयोग होईलच असं नाही. केवळ घाऊक वा किरकोळ व्यापार करणाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण उशिरा पेमेंटचं हे संरक्षण मिळत नाही. मध्यम उद्योगांनाही नाही. त्यांना तर कराराशिवाय दुसरा आधारच नाही.

‘लेखी नसेल तर १५ दिवस. मग न लिहिलेलंच बरं!’

हिशेब आकर्षक आहे, पण अर्धा आहे. ४५ ही कमाल मर्यादा आहे. करारात १५ किंवा २० दिवस लिहायला कुणी अडवलेलं नाही. आणि १५ दिवस मोजायचे तर माल काय ठरला होता, तो तसाच होता का, दर काय होता, हे आधी सिद्ध करावं लागतं. तिथे तोंडी व्यवहार पुन्हा आठवणींच्या भांडणात शिरतो. १५ दिवसांची सोय घ्यायला जाऊन मूळ रक्कमच वादात टाकण्यात शहाणपण नाही.

‘विश्वासाचा धंदा आहे. कागद मागितला तर माणूस दुखावतो.’

हा आक्षेप मनापासूनचा असतो, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. पण शिंप्याकडे पाहा. वीस वर्षांच्या गिऱ्हाइकाचंही माप तो वहीत लिहितो. कॉलर कशी, बाही किती, कधी द्यायचं, आगाऊ किती. त्यात अविश्वास आहे असं कुणाला वाटत नाही. उलट न लिहिणाऱ्या शिंप्याकडे कापड टाकायला आपण कचरतो. जमिनीच्या व्यवहारात सख्ख्या भावातही इसारपावती होते. कारखान्याच्या मालाला ती सवय अजून लागलेली नाही, इतकाच फरक.

इचलकरंजीचे खर्चीवाले यंत्रमागधारक व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देतात. मजुरी ‘पिक’च्या, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या, हिशेबाने. तिथे संबंध पिढ्यान् पिढ्यांचे असतात, आणि तरीही सुताची घट किती धरायची, दोषी कापडाची कपात किती, यावरून कुरबुर होतेच. संबंध जुना असेल तर लिहिणं उलट सोपं, कारण दोघांनाही अटी तोंडपाठ असतात. त्या एका पानावर उतरवायच्या आणि वर्षासाठी सही करायची. ‘माझ्या सीएने सगळ्यांशी असंच करायला सांगितलंय’ हे वाक्य खरं करून घ्या, म्हणजे सगळ्यांशीच तसं करा. एकट्याकडे कागद मागितला की तो दुखावतो. सगळ्यांना दिला की ती दुकानाची पद्धत होते.

आणि विश्वास माणसावर असतो. खरेदी व्यवस्थापक बदलतो, मालकाचा मुलगा कारभार हाती घेतो, कुणी अचानक जातं. मागे उरलेल्यांना तुमचा शब्द काय होता, हे कुठून कळणार?

‘व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं आहे’

माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक करार वैध केले आहेत, त्यामुळे चॅट आणि ईमेल निरुपयोगी नाहीत. पण ठरलेल्या गोष्टी तीनशे संदेशांत विखुरलेल्या असतात. दर एका संदेशात, सूट दुसऱ्यात, ‘बघू’ तिसऱ्यात. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ नुसार अशा पुराव्याच्या छापील प्रतीसोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, आणि त्याच्या दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही. फोन बदलला, चॅट उडालं, की हे अवघड होतं.

यावर साधा उपाय आहे. बोलणं संपलं की एकच सविस्तर संदेश लिहा: काय, किती, दर, कर, तारीख, पैसे कधी, बदल झाला तर काय. शेवटी ‘बरोबर असल्यास मान्य असे कळवावे’. उत्तर आल्यावर तो ईमेलनेही पाठवून ठेवा. वीस-पंचवीस हजारांच्या कामाला एवढं पुरतं.

स्टॅम्पपेपर, नोटरी, वकील

कुठल्याही सर्वसाधारण कराराला महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून किमान मुद्रांक शुल्क ५०० रुपये झालं. आधी ते १०० होतं. कामाच्या स्वरूपाप्रमाणे जास्तही लागू शकतं. मुद्रांक सही करण्याआधी किंवा फार तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी हवा, तो पक्षकारांपैकी एकाच्या नावे हवा, आणि घेतल्यापासून सहा महिन्यांत वापरायला हवा. जुना पडून असलेला स्टॅम्पपेपर वापरू नका. मुद्रांक नाही म्हणून करार रद्द होत नाही. शुल्क आणि दंड भरेपर्यंत तो न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, इतकंच. नोटरी या व्यवहारांना सक्तीची नाही, आणि नोटरी म्हणजे नोंदणीही नव्हे.

वकिलाचा खर्च एकदा करा. तुमच्या धंद्याचा एक नमुना करून घ्या आणि दर वेळी फक्त रिकाम्या जागा भरा. इंटरनेटवरचा परदेशी नमुना उचलू नका. त्यातलं ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षं हा धंदा करायचा नाही’ हे आपल्याकडे करार कायद्याच्या कलम २७ नुसार निरर्थक ठरतं, आणि ‘दावा सहा महिन्यांतच लावायचा’ हेही कलम २८ नुसार. लवादाचं कलमही न विचारता घालू नये. दोन लाखांच्या वादात लवादाची फीच जड होते.

सहीत चूक होऊ देऊ नका. ‘अमुक एंटरप्रायझेस’ हे एकट्या मालकीच्या धंद्याचं नुसतं पाटीवरचं नाव असतं. करारात मालकाचं नाव लिहा, जीएसटी क्रमांकाशी जुळवून. कंपनी असेल तर सही करणाऱ्याला अधिकार आहे का ते विचारा. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, दोन मूळ प्रती.

‘कोर्टात वर्षं जातात. कागदाचा उपयोग काय?’

वर्षं जातात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण लेखी करार असेल तर रस्ता वेगळा असतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली, लेखी करारातून येणाऱ्या ठरावीक रकमेसाठी संक्षिप्त दावा लावता येतो. त्यात प्रतिवादीला १० दिवसांत हजर व्हावं लागतं आणि बचाव मांडायला न्यायालयाची परवानगी मागावी लागते. तोंडी व्यवहाराला हे दार बंद आहे. तीन लाखांपासूनच्या व्यापारी दाव्यांत तातडीचा मनाई हुकूम वगैरे नको असेल, तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे. त्या टेबलावर करार समोर असला की बोलणं रकमेवरून लवकर पुढे सरकतं. सूक्ष्म-लघु उद्योगांना ऑनलाइन अर्ज करून सुविधा परिषदेकडे, म्हणजे २००६ च्या कायद्याखाली थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या परिषदेकडे, जाता येतं, आणि परिषदेच्या निवाड्याविरुद्ध जायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम जमा करावी लागते.

यातलं काहीही करायला साधारणपणे तीन वर्षं असतात, पैसे देय झाल्या दिवसापासून. ‘देतो, देतो’ ऐकत ती कधी संपतात ते कळत नाही. तोंडी ‘देतो’ने मुदत वाढत नाही. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने बाकी कबूल केल्याचं सही करून दिलं, तर त्या तारखेपासून तीन वर्षं पुन्हा सुरू होतात. म्हणून दर ३१ मार्चला प्रत्येक खात्याचा उतारा काढा, खाली ‘वरील बाकी मान्य’ छापा आणि सही-शिक्का-तारखेसह परत मागवा. हिशेब जुळवायला तो त्यांनाही हवाच असतो, त्यामुळे सही सहसा नाकारली जात नाही. तीन वर्षांनंतर एका दिवसाने आलेल्या तशाच सहीने मात्र मुदत पुन्हा सुरू होत नाही. मग रक्कम देण्याचं स्पष्ट लेखी वचनच लागतं.